वार विष अडवते का? शिसं, पारा, चुलीचा धूर, फवारणी: बाळापर्यंत नेमकं काय आणि कसं पोचतं

पुस्तिका_विदर्भ (प्रश्न)

आशाताई आणि अंगणवाडी सेविकांसाठीची गरोदरपणावरची पुस्तिका नव्याने लिहायला घेतली आहे. जुन्या मजकुरात वारेबद्दल (प्लॅसेंटाबद्दल) एक वाक्य आहे: "वार आईच्या रक्तातले घातक पदार्थ गाळून बाळाचे रक्षण करते." हे काढायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे, पण त्या जागी काय लिहायचं यावर घोडं अडलंय. "सगळंच बाळापर्यंत जातं" असं लिहिलं तर बायका घाबरतील आणि करण्यासारखं काही हाती लागणार नाही. "काही पदार्थ जातात" या वाक्याला तर काहीच अर्थ नाही.

जाणकारांना चार प्रश्न:

१. शिसं, पारा, कॅडमियम, कीटकनाशकं, धूर यांतलं काय वार ओलांडतं, कोणत्या वाटेने, आणि आईच्या तुलनेत बाळाच्या रक्तात किती सापडतं?
२. पहिल्या तीन महिन्यांत वार पुरती तयारही नसते. तेव्हा काय होतं?
३. बाईने काम सोडलं, वस्ती बदलली, तर धोका संपतो का?
४. कोणती तपासणी, आणि कोणत्या आकड्याला काय करायचं?

"डॉक्टरांचा सल्ला घ्या" हे उत्तर कृपया नको, ते आधीच छापलेलं आहे.

---

विषशास्त्र_पुणे

गाळणी ही कल्पनाच आधी बाजूला ठेवा. १९६१ साली थॅलिडोमाइडचं प्रकरण उघडकीला येईपर्यंत बरेचसे डॉक्टरही वारेला तटबंदी समजत होते. वार हा देवाणघेवाणीचा अवयव आहे. प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं, कॅल्शियम, लोह आत न्यायचं आणि कार्बन डायऑक्साइड, युरिया बाहेर काढायचा हे तिचं काम. विषारी पदार्थ याच रुळलेल्या वाटांनी आत शिरतात.

रचना थोडक्यात: आई आणि बाळ यांचं रक्त मिसळत नाही. वारेतल्या बारीक अंकुरांभोवती आईचं रक्त खेळतं, अंकुरांच्या आतल्या केशवाहिन्यांत बाळाचं. मध्ये पेशींचा सलग थर आणि केशवाहिनीची भिंत. हे अंतर सुरुवातीच्या महिन्यांत साधारण २० मायक्रोमीटर असतं, दिवस भरत येतात तेव्हा २ ते ४ वर येतं. अंकुरांचं एकूण क्षेत्रफळ तोवर ११-१२ चौरस मीटर झालेलं असतं. म्हणजे पडदा पातळही होत जातो आणि पसरतही जातो. शेवटच्या तिमाहीत पदार्थ जास्त वेगाने पलीकडे जातात ते यामुळे.

आता प्रत्येकाची वाट वेगळी.

शिसं. त्याचा आयन कॅल्शियमच्या वाटांनी शिरतो, काही भाग नुसत्या विसरणानेही जातो. १२ ते १४ आठवड्यांपासून गर्भात शिसं पोचतं आणि जन्मापर्यंत साठत जातं. नाळेतल्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्ताच्या साधारण ८० ते ९० टक्के. वारेने इथे जवळजवळ काहीच अडवलेलं नाही.

मिथिल पारा (माशांतून येणारा). हा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ती जोडी मेथिओनीनसारखी दिसते. मेथिओनीन बाळाच्या वाढीला लागतंच, म्हणून वारेतलं वाहक प्रथिन तिला उचलून आत नेतं. त्यामुळे नाळेतल्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा जास्त, सरासरीने १.७ पट सापडतो. पाऱ्याची वाफही वार सहज ओलांडते. पाऱ्याचे क्षार मात्र बरेचसे वारेतच अडकतात.

कॅडमियम. जुन्या वाक्याला थोडाफार आधार आहे तो मुख्यतः इथे. वारेतली मेटॅलोथायोनीन नावाची प्रथिनं कॅडमियम धरून ठेवतात, बाळापर्यंत थोडंच जातं. पण तीच प्रथिनं जस्तही धरतात, आणि कॅडमियम साठलेली वार बाळाला जस्त नीट देऊ शकत नाही. पदार्थ अडला तरी इजा टळत नाही, ही गोष्ट पुस्तिकेत जरूर घ्या. कॅडमियमचा मोठा स्रोत तंबाखू आहे, आणि आपल्याकडे बायकांची तंबाखू म्हणजे मिश्री. तिच्यातलं निकोटिन तर कशालाच न जुमानता पलीकडे जातं. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: मिश्री वगैरे बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून "तंबाखू खाता का" या प्रश्नाला उत्तर "नाही" असंच येतं. मिश्रीचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

चरबीत विरघळणारी, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) हलकी रसायनं. बहुतेक कीटकनाशकं यातच येतात. क्लोरपायरिफॉसचा रेणू ३५० डाल्टनचा, डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईचा ३१८. यांना वाहकही लागत नाही, पेशीपटलातून सरळ पाझरतात. शेतीसाठी डीडीटी १९८९ पासून बंद आहे, पण डीडीई शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं टिकतं.

नॉनस्टिक भांडी, जलरोधक कापड यांच्याशी जोडलेली पीएफएएस गटातली रसायनं चरबीला नाही, रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटतात. त्यांतलं पीएफओएस नाळेत आईच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं येतं, पीएफओए मात्र दोन तृतीयांशाच्या पुढे. एकाच घराण्यातल्या दोन रसायनांत एवढा फरक पडतो, म्हणून "रसायनं इतके टक्के जातात" असं सरसकट वाक्य कुणी लिहून दिलं तर घेऊ नका.

वारेत पंपही असतात, पी-ग्लायकोप्रोटीन आणि बीसीआरपी ही त्यांतली मुख्य नावं. आत शिरलेले काही पदार्थ ते परत आईच्या रक्तात ढकलतात. पी-ग्लायकोप्रोटीन सुरुवातीच्या महिन्यांत भरपूर असतं आणि पुढे कमी होत जातं. या पंपांचा शिशावर काही उपयोग नाही.

प्रश्न दुसरा. साधारण १० ते १२ आठवड्यांपर्यंत गर्भाशयाच्या सर्पिल धमन्यांची तोंडं वारेच्याच पेशींनी बुजलेली असतात. आईचं रक्त अंकुरांभोवती मोकळेपणी वाहत नाही, गर्भाचं पोषण गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर होतं. म्हणून या काळात बरेच पदार्थ कमी प्रमाणात पोचतात. पण अवयव घडतात तेही याच आठवड्यांत, त्यामुळे मात्रा कमी म्हणून धोका कमी असा हिशेब इथे चालत नाही.

एक बाजू नेहमी राहून जाते. बाळापर्यंत गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. बाळाचं यकृत रसायनं निकामी करण्यात कच्चं असतं. लघवीवाटे जे बाहेर पडतं ते गर्भजलात जातं, आणि बाळ तेच गर्भजल पुन्हा गिळतं. शेवटच्या महिन्यात दिवसाला अर्धा लिटर किंवा जास्तच.

---

नमुना_ते_निकाल

वरचं पटतं, पण पाऱ्याचा १.७ पट हा आकडा पुस्तिकेत तसाच टाकू नका. रक्तातला मिथिल पारा मुख्यतः तांबड्या पेशींत असतो. गरोदर बाईचा हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते) ३३-३६ आणि नाळेतल्या रक्ताचा ४५-५० च्या पुढे. नाळेत पेशीच जास्त, तेव्हा पाराही जास्त दिसणार. फरकाचा काही भाग यातूनच येतो. हे वजा केलं तरी बाळाची बाजू जड राहते, पण "दुपटीच्या जवळ" असं म्हणून घाबरवायला नको. शिशाचंही तसंच, रक्तातलं ९९ टक्के शिसं तांबड्या पेशींत असतं.

डीडीईचं नेमकं उलट होतं. नाळेतल्या रक्तात चरबी आईच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकीच असते. मिलिलिटरमागे मोजलं तर "बाळात फारच कमी" असा निकाल येतो, चरबीच्या ग्रॅममागे मोजलं की तफावत बरीचशी मिटते. अहवालात कोणतं एकक आहे ते न बघता दोन अभ्यास शेजारी ठेवले की गोंधळ ठरलेला.

कुणी नाळेचे नमुने गोळा करणार असेल तर शिशासाठी पद्धत अशी. नाळेला चिमटा लावून कापल्यावर बाहेरून लागलेलं आईचं रक्त सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझने नीट पुसायचं. मग सुईने नाळेच्या शिरेतून (दोन धमन्या बारीक असतात, शीर रुंद) रक्त ओढायचं. कापलेल्या टोकातून नळीत गळू द्यायचं नाही आणि नाळ पिळायची तर नाहीच, कारण त्यात आईचं रक्त आणि नाळेतला चिकट गर दोन्ही येतात. नळी सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठी प्रमाणित केलेली, गडद निळ्या टोपणाची, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली घ्यायची. साध्या जांभळ्या टोपणाच्या नळीतच थोडं शिसं असू शकतं, आणि मोजायची मात्रा इतकी लहान की तेवढ्याने निकाल बिघडतो. नळी ८-१० वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करायची. गुठळी झाली तर नमुना फेकायचा, कारण शिसं पेशींत आणि पेशी गुठळीत. पाठवेपर्यंत ४ अंश सेल्सियसला ठेवायचं. मोजणी ग्रॅफाइट भट्टीच्या एएएसवर किंवा आयसीपी-एमएसवर (दोन्ही सूक्ष्म धातू मोजायची यंत्रं).

पीएफएएससाठी पॉलिप्रॉपिलीनची नळी, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं टोपण चालत नाही. डीडीईसाठी काच. एकाच नळीतून सगळं मोजू म्हणणाऱ्याचं काहीच धड मोजून होत नाही.

आईची तपासणी बोट टोचून केली असेल आणि आकडा जास्त आला, तर तो पक्का धरू नका. बोटावरची धूळ, कुंकू, रंग थेंबात मिसळतो. शिरेतल्या रक्ताने खात्री करूनच पुढे जायचं.

---

स्त्रीरोग_ठाणे

तिसरा आणि चौथा प्रश्न घेते. तिसऱ्याचं उत्तर पदार्थागणिक वेगळं, आणि शिशाच्या बाबतीत चक्क "नाही" असं आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी कॅल्शियम लागतं, आहारातून कमी पडलं की आईचं हाड झिजवून ते काढलं जातं, आणि कॅल्शियमबरोबर शिसंही सुटतं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या बायकांवर याचा सुरेख पुरावा मिळाला. तिथल्या शिशाची समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) ठेवण त्यांच्या मूळ देशांतल्या शिशापेक्षा वेगळी होती, त्यामुळे रक्तातलं कोणतं शिसं आजच्या हवा-पाण्यातलं आणि कोणतं जुन्या हाडांतलं हे ओळखता आलं. गरोदरपणात रक्तातलं हाडांचं शिसं वाढलं, आणि बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याच्या काळात आणखी वाढलं. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल १ एप्रिल २००० पासून बंद झालं. त्याआधी शहरात वाढलेल्या मुली आज आई होताहेत. कुणी लहानपणी बॅटऱ्या फोडण्याच्या वस्तीत राहिलेली असेल तर "आता कुठे राहता" एवढं विचारून भागत नाही.

म्हणून कॅल्शियम. मेक्सिको सिटीत गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं, रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी उतरलं. आकडा छोटा आहे, पण गोळी स्वस्त आहे आणि आरोग्य केंद्रात ती आहेच: दुसऱ्या तिमाहीपासून रोज दोन, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकक ड जीवनसत्त्व, बाळंतपणानंतरही सहा महिने. यात हमखास होणारी चूक म्हणजे कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम घेणं. कॅल्शियममुळे लोहाचं शोषण अडतं. कॅल्शियम सकाळच्या आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर, लोह (६० मिलिग्रॅम) त्यापासून निदान दोन तास दूर, आणि चहाबरोबर नाही. लोह चुकवून चालत नाही, कारण अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे आतडं शिशाला उघडं असलेल्या बायका निम्म्याहून जास्त.

आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त शिसं आलं की स्रोत शोधायचा आणि तो तोडायचा. गरोदर बाईचा आहार कॅल्शियम-लोहात कमी असेल तर दोन्ही द्यायचं. महिन्याभरात पुन्हा तपासायचं, आणि बाळंतपणाच्या वेळी आई आणि नाळ दोघांचं. ४५ च्या वर शिसं बाहेर काढणाऱ्या औषधाचा विचार होतो, पण पहिल्या तिमाहीत तो निर्णय विषबाधेच्या तज्ज्ञाशिवाय घ्यायचा नाही. अंगावर पाजणं ४० च्या खाली बंद करायचं नाही, हे ठळक छापा. "विष आहे" हे ऐकलं की घरचे आधी दूधच तोडतात.

सरसकट सगळ्यांची शिशाची तपासणी करायला सांगू नका. कुणाची करायची ते विचारपूस करून ठरतं: घरात किंवा शेजारी जुन्या बॅटऱ्यांचं, भंगाराचं, सोल्डरिंगचं, रंगाचं काम, घरच्या पुरुषाचे कामावरचे कपडे घरात येतात का, खडा सुरमा, सुटं, भडक केशरी कुंकू, सुटी, फार पिवळीजर्द हळद (तिच्यात लेड क्रोमेट मिसळल्याचं बांगलादेशात आणि आपल्याकडे बिहारमध्येही सापडलं आहे), भस्मं. भस्मांबद्दल उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या ६ गरोदर बायकांत शिसं १६ ते ६४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं होतं. वैद्याकडचं काही चालू असेल तर पुडीवर काय लिहिलंय ते बघायचं, नागभस्म म्हणजे शिसंच.

आणि डोहाळे! माती, भाजलेली माती, विटेचा तुकडा, पाटीवरची पेन्सिल, भिंतीचे पापुद्रे. "माती खाता का" असं सासूसमोर विचारलं तर मान हलणारच. "काही वेगळं खावंसं वाटतं का, पेन्सिल वगैरे" असं एकटीला विचारायचं. जुन्या ऑइलपेंटचे पापुद्रे यात सगळ्यांत वाईट. पेन्सिल-माती खाणारी बाई बहुतेक वेळा रक्तक्षयीही असते, तेव्हा रागावण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

---

पुस्तिका_विदर्भ

फार मोलाचं मिळालं, आभार. भस्म आणि पेन्सिल दोन्ही प्रश्नावलीत घेतले. आता आमच्या भागातल्या दोन गोष्टी राहिल्या. पऱ्हाट्या-तुराट्यांची चूल, आणि कापसावरची फवारणी. गरोदर बाई स्वतः फवारत नाही, पण वेचायला जाते आणि नवऱ्याचे कपडे तीच धुते. "लांब राहा" यापलीकडे सांगण्यासारखं काय आहे?

---

धूर_हवा_चूल

चुलीच्या धुरातल्या दोन गोष्टी वेगळ्या करा.

पहिली कार्बन मोनॉक्साइड. हा वायू थेट पलीकडे जातो, आणि बाळाचं हिमोग्लोबिन त्याला आईच्यापेक्षा घट्ट धरतं. आई बराच वेळ धुरात राहिली तर बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्यापेक्षा १०-१५ टक्क्यांनी वर जाऊन थांबतं. चढायला वेळ लागतो तसा उतरायलाही. मोकळ्या हवेत आल्यावर आईच्या रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास, बाळाला त्याहून जास्त. म्हणूनच बंद न्हाणीघरात गॅस गीझरने गुदमरलेली गरोदर बाई शुद्धीवर येऊन "आता बरं वाटतंय" म्हणाली तरी प्राणवायू लगेच काढत नाहीत, तिच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ चालू ठेवतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्याला प्राणवायूचं आणि कार्बन मोनॉक्साइडचं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, ९८ दाखवत राहतो.

दुसरी बारीक कण. पीएम २.५ म्हणतात त्यांतले सगळ्यांत सूक्ष्म काजळीकण फुप्फुसातून रक्तात उतरतात. २०१९ साली बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या गटाने वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीकण दाखवले. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या गर्भांच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही ते आढळले. पण धुराची सगळी इजा कण बाळापर्यंत पोचल्यानेच होते असं नाही. आईच्या शरीरात दाह वाढतो, वारेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तपुरवठा घटतो. कण आईच्या फुप्फुसातच राहिला तरी बाळाला कमी मिळतं.

गॅस दिला की वजन वाढतं असं मात्र छापू नका. एचएपीआयएन नावाची मोठी चाचणी तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात झाली. गरोदर बायकांना ९ ते २० आठवड्यांच्या दरम्यान शेगडी आणि फुकट सिलिंडर दिले. पीएम २.५ ची मध्यक पातळी चुलीवाल्या घरांत ७० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आसपास राहिली, गॅसवाल्यांत २४ वर आली. तरी बाळांच्या जन्मवजनात ठाम फरक निघाला नाही. माझा अर्थ असा: गॅस हवाच, पण तो दिवस गेल्यावर येऊन पुरत नाही, आणि शेजारच्या दहा चुली पेटलेल्या असतील तर एका घरातल्या गॅसने हवा निवळत नाही.

तोवर करण्यासारखं: चूल आडोशाला पण छपराबाहेर, सरपण वाळलेलं आणि बारीक चिरलेलं, ओल्या पऱ्हाट्या नाहीत. पाणी तापवायची चूल (तीच सगळ्यांत जास्त वेळ जळते) दुसऱ्या कुणी सांभाळायची. प्लॅस्टिकची पिशवी घालून चूल पेटवायची सवय पूर्ण बंद. नाकाला पदर लावल्याने कार्बन मोनॉक्साइड जराही अडत नाही.

---

पीकसंरक्षण_अकोला

फवारणीचं मी सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर फवारणाऱ्याबद्दल बरंच बोललं गेलं, कपडे धुणारीबद्दल कमी.

कपडे बाहेरच उतरवायचे, घरात आणायचे नाहीत. फवारणाऱ्यानेच ते आधी भरपूर पाण्यात खंगाळून ते पाणी विहिरी-नाल्यापासून दूर ओतायचं. पहिल्या पाण्यात सगळ्यांत जास्त औषध असतं, ते गरोदर बाईच्या हाताला लागायचं कारण नाही. मग बाकीच्या कपड्यांपासून वेगळे, गरम पाणी आणि डिटर्जंट, दोनदा. बाळाच्या दुपट्यांची बादली वेगळी. मूळ (पाणी न मिसळलेलं) औषध अंगावर सांडून चिंब झालेला सदरा धुवायचा नाही, टाकून द्यायचा. त्यातलं औषध दोन धुण्यांत निघत नाही. हातमोजे रबराचे, कापडी नकोत. कापडी मोजा औषध शोषतो आणि कातडीला लावून धरतो.

वेचणी: फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या वावरात जायचं नाही, डब्यावर जास्त मुदत लिहिली असेल तर तेवढी. पहाटे दवात वेचू नये, ओल्या पानावरचं औषध कातडीतून लवकर आत जातं. बाही लांब, आणि हात धुतल्याशिवाय भाकरी नाही. रिकाम्या डब्याचा पाण्याला उपयोग करणं अजून दिसतं, डब्याला भोक पाडून ठेवलेलं बरं.

तपासणीत एक गफलत होते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांसाठी रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजतात; ही औषधं त्या विकराचं (एन्झाइमचं) काम बंद पाडतात. रक्तद्रवातलं कोलिनेस्टरेज गरोदरपणात आपोआपच साधारण पाव हिश्शाने घटतं. तो आकडा बघून "विषबाधा" ठरवायची नाही, तांबड्या पेशींतलं कोलिनेस्टरेज मागवायचं.

---

रत्नागिरी_बंदर

हीच पुस्तिका कोकणात आली तर मासे बंद करतील लोक, म्हणून आधीच विचारतो. पाऱ्यामुळे मासे खायचे की नाही?

---

विषशास्त्र_पुणे

खायचे. कोणते, एवढंच ठरवायचं. मिथिल पारा अन्नसाखळीत चढत जातो, म्हणून मोठा, शिकारी, जास्त वर्षं जगलेला मासा टाळायचा: मोरी-मुशी (शार्क), तलवार मासा, मोठा ट्यूना. अमेरिकेच्या यादीत किंग मॅकरल टाळायला सांगितलंय, आपली सुरमई त्याच वंशातली, तेव्हा मोठ्या सुरमईच्या तुकड्या गरोदरपणात क्वचितच. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे लहान आणि अल्पायुषी मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खुशाल खावेत, बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी त्यात आहे. बांगड्याचं इंग्रजी नाव बघून त्याला किंग मॅकरल समजू नका. साफ करून, उकळून किंवा तळून पारा कमी होत नाही, तो मांसातल्या प्रथिनांना धरून असतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून काही घरांत मोरी देतात. दुधातून जाणारा पारा वारेतून जाणाऱ्यापेक्षा कमी, पण पुढचं गरोदरपण लवकर येणार असेल तर तेही नको, अंगातला मिथिल पारा निम्मा व्हायला दीड-दोन महिने लागतात. पाऱ्याच्या बाबतीत आधी काही महिने थांबवण्याचा उपयोग होतो तो म्हणूनच. शिशाला हे लागू नाही.

आईला काही होत नसलं तर बाळ सुरक्षित, हा समज मोडायला मिनामाताइतकं स्पष्ट उदाहरण नाही. जपानमधल्या त्या शहरातला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत उतरला होता. मेंदूला इजा होऊन जन्मलेल्या कित्येक मुलांच्या आयांना लक्षणं नव्हती किंवा अगदी किरकोळ होती, आणि मुलांनी तो मासा कधी खाल्लाच नव्हता. पोटात असतानाच बाधा झाल्याचं १९६२ मध्ये मान्य झालं. जपानी घरांत बाळाच्या नाळेचा तुकडा वाळवून जपून ठेवतात. डॉ. हाराडा मासाझुमी यांनी असे तुकडे मिळवले, त्यांतला मिथिल पारा मोजला गेला, आणि कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाला किती पारा पोचला ते कळलं.

---

पुस्तिका_विदर्भ

मसुदा असा केलाय: "वार गाळणी नाही. शिसे, पारा, फवारणीचे औषध व चुलीतील विषारी वायू तिच्यातून बाळापर्यंत जातात; कॅडमियम वारेत अडकते पण वारेचेच काम बिघडवते. रक्तातील शिसे ५ पेक्षा कमी असल्यास बाळ सुरक्षित. पाणी उकळून प्यावे." चालेल?

---

नमुना_ते_निकाल

शेवटची दोन वाक्यं बदला.

५ हा कृती सुरू करायचा आकडा आहे. त्याखाली सुरक्षित अशी पातळी अजून कुणाला सापडलेली नाही. आणि एककाशिवाय छापू नका. काही प्रयोगशाळा मायक्रोग्रॅम प्रति लिटर देतात, काही प्रति डेसिलिटर. ३८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर म्हणजे ३.८ प्रति डेसिलिटर. हे कुणी ३८ वाचलं तर एक बाई विनाकारण मोठ्या इस्पितळात धाडली जाईल, आणि उलटं वाचलं तर जिला धाडायला हवं ती घरी बसेल.

उकळण्याने जंतू मरतात. शिसं, नायट्रेट, फ्लोराइड जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे विंधन विहिरीचं पाणी असेल तर फ्लोराइड आणि नायट्रेट तपासून घ्या (नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर, फ्लोराइडची १, दुसरी सोय नसेल तर १.५), आणि जास्त निघालं तर पिण्याचा आणि स्वयंपाकाचा हंडा दुसऱ्या स्रोतावरून. "जुलाबासाठी पाणी उकळा" हे वाक्य पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर हलवा, या पानावर नको.